हरळी कुठे ठेवावी, कुठे सोडावी: मुंबईच्या सोसायटीतलं लॉन, रसायनांशिवाय

गावाकडे शेतात हरळी शिरली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मुळी खोल जाते, नांगराने तुटली तरी पेरापेरातून नवा कोंब फुटतो, आणि एकदा माजली की वर्षानुवर्षं निघत नाही. तीच हरळी मुंबईत चौरस फुटाच्या भावाने विकली जाते, सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर) अंथरली जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर जागोजागी टक्कल पडायला लागतं. मग कमिटीत ठराव होतो: गवताचं नवीन कार्पेट, एक ट्रक लाल माती, युरियाची गोणी, तणनाशकाची बाटली. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

इतकं चिवट गवत इथे हरतं, कारण त्याला लागणारं ऊन दोन टॉवरच्या मध्ये मिळत नाही आणि लागणारी माती स्लॅबवर मिळत नाही. ही दोन कारणं दूर न करता कितीही खत ओतलं तरी उपयोग नाही. म्हणून गवत तिथेच ठेवायचं जिथे भरपूर ऊन आहे आणि मुलं खेळतात, माणसं बसतात. बाकीच्या जागेत जमीन झाकणारी दुसरी रोपं लावायची. एवढं ठरलं की निम्मा खर्च आणि निम्मी कटकट आपोआप कमी होते.

आधी ऊन मोजा

हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. नर्सरीत ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारं बारीक पात्याचं, उशीसारखं फुगणारं गवत चार-पाच तासांवर निभावतं, पण ते फार हळू वाढतं आणि रोजची धावपळ सोसत नाही. रुंद पात्याचं एक गवत अर्धी सावली सहन करतं. मात्र ज्या कोपऱ्यात तीन तासांपेक्षा कमी ऊन येतं, तिथे कुठलंही गवत लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

मोजणी कधी करता याला महत्त्व आहे. साधारण १५ मे ते २८ जुलै या काळात दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. या दोन तारखांच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेकडची पट्टी मे महिन्यात उजळलेली दिसते आणि डिसेंबरात दिवसभर सावलीत बुडते. मे महिन्यात पाहून तिथे कार्पेट अंथरलं तर ते जानेवारीत विरळ होतं, आणि दोष मात्र माळीकाकांना दिला जातो. डिसेंबरच्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेला खडूने किंवा चुन्याने रेघ मारा. तिन्ही वेळा उन्हात असलेला भाग हीच तुमच्या लॉनची खरी हद्द.

खुरपीने एक चौकोन कापून पाहा

लॉनच्या मधोमध एक वीतभर चौकोन खुरपीने कापा आणि वडीसारखा अख्खा उचला. वरच्या बाजूला गवताची पाती, त्याखाली वाळक्या देठांचा तपकिरी थर, त्याखाली माती. वाळका थर बोटाच्या पेरापेक्षा जाड असेल तर पाणी आणि खत तिथेच अडकतंय. माती विटेसारखी घट्ट निघाली आणि मुळं दोन इंचांवर आडवी वळलेली दिसली, तर खाली हवा पोचत नाही. पांढऱ्या-राखाडी खड्या, सिमेंटचे तुकडे, विटांचा चुरा दिसला तर बांधकामाचं डेब्रिज तसंच ठेवून वर माती ओतली आहे. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, गवताला लोह घेता येत नाही, आणि पाती शिरांच्या मधे पिवळी पडतात. अशा पिवळेपणावर युरिया मारून काहीही होत नाही. खड्या वेचाव्या लागतात आणि दोन-तीन वर्षं नेटाने कंपोस्ट घालावं लागतं.

आता निचरा. एक फूट खोल खड्डा करा (पोडियमवर असाल तर अर्धा फूट, खालचं वॉटरप्रूफिंग जपून), पाण्याने भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी असेल तर पावसाळ्यात तिथे मुळं कुजणारच. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यानंतर मेअखेरपर्यंत जवळजवळ काहीच नाही. चार महिने बुडणं आणि आठ महिने तहानेनं जाणं, दोन्ही त्याच सहा इंच मातीला सोसायचं असतं.

दरवर्षी ‘लेव्हल करायला’ लाल माती टाकण्याची सवय पोडियमवर घातक आहे. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० ते २००० किलो भरतं. म्हणजे सहा इंच जादा माती चढली की प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ३०० किलो भार वाढला. शिवाय मातीची पातळी भिंतीवर चढवलेल्या वॉटरप्रूफिंगच्या वर गेली की पाणी कडेने आत शिरतं आणि खालच्या पार्किंगमध्ये ठिबकतं. गळतीचं मूळ मग सगळे स्लॅबमध्ये शोधत बसतात.

लाल मातीच्या ट्रकचा आणखी एक धोका पुढे लव्हाळा या तणाबद्दल बोलताना सांगतो.

खाऊ गवताला नाही, मातीला घाला

युरियाने आठवड्यात हिरवंगार दिसतं हे खरं. पण मुंबईच्या पावसात त्यातला बराचसा नत्र (नायट्रोजन) दोन सरींत वाहून जातो, आणि उरलेल्यावर जी लुसलुशीत वाढ होते तिच्यावर बुरशी पहिल्यांदा बसते. कंपोस्टमधला नत्र जिवाणू हळूहळू सोडतात, म्हणून तो मुळांच्या वेगाने मिळतो.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. १००० चौरस फूट लॉनला एका वेळी साधारण ४५० ग्रॅम नत्र पुरतो. गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास धरला तर ३० किलो खत झालं. वर्षातून तीन वेळा ते घाला: पावसाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आणि फेब्रुवारीत. पहिल्या हप्त्यात ५ किलो निंबोळी पेंड मिसळा. ती खतही आहे आणि हुमणीलाही (मातीतल्या पांढऱ्या अळीला) थोडा आवर घालते.

ज्या सोसायट्यांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा निघतो, त्यांना महापालिकेने २०१७ पासून तो आवारातच जिरवायला सांगितलं आहे. त्यातून निघणारं कंपोस्ट बऱ्याच ठिकाणी गोण्या भरून पडून असतं, आणि त्याच आवारात बाहेरून खत विकत येतं. ते वापरा, पण पिकलेलं आहे का हे बघून. मूठभर कंपोस्ट ओलं करून बंद डब्यात तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर घाला. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर आणखी महिनाभर कुजू द्या, नाहीतर गवत पिवळं पडेल. ताजं शेण तर लॉनवर नकोच. त्यात उष्णता असते आणि गुराने खाल्लेल्या तणांचं बीही असतं.

जीवामृताबद्दल बरेच जण विचारतात. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर चांगली माती, हे त्याचं प्रचलित प्रमाण. सावलीत दोन-तीन दिवस ढवळून आठवड्याच्या आत वापरायचं. शेतावर ते सोयीचं आहे. सोसायटीत वासावरून भांडणं होतात, आणि त्यातली प्रत्यक्ष अन्नद्रव्यं कमीच असतात. आमचं मत स्पष्ट आहे: कंपोस्ट वेळेवर पडत असेल तर जीवामृतावाचून काही अडत नाही.

वर्षातलं सगळ्यात मोठं काम मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं. गवत जमिनीलगत खरडून कापा, पंजाने वाळका थर ओढून काढा. मग गार्डन फोर्क चार इंच खोल रोवून किंचित हलवा, दर सहा इंचांवर एकदा. शेवटी चाळलेली माती, धुतलेली वाळू आणि कंपोस्ट समभाग मिसळून पाव इंच थर पसरा आणि झाडूने भोकांत लोटा. १००० चौरस फुटांना सिमेंटच्या रिकाम्या गोणीने सुमारे १७ गोण्या मिश्रण लागतं. वाळूत फसगत होते. क्रश सँड न धुता घातली तर तिची भुकटी भोकं बुजवते आणि माती आधीपेक्षा घट्ट बसते. समुद्राची वाळू तर मीठच घेऊन येते.

कापताना एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. उन्हाळ्यात दोन इंच उंची राहू द्या, मातीवर सावली राहते. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, तेही खतच आहे. पावसाळ्यात मात्र ओल्या गवताचे गठ्ठे उचला, खाली बुरशी धरते.

पाणी: एक गणित

एप्रिल-मेमध्ये लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ४६५ लिटर. शहरी माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हा रूढ निकष धरला तर लॉनचा एवढासा तुकडा साडेतीन माणसांचं पाणी पितो, आणि तेही तलाव तळाला गेलेले असताना, पाणीकपात चालू असताना. लॉनचं क्षेत्र कमी करण्याचं यापेक्षा मोठं कारण दुसरं नाही.

जेवढं लॉन ठेवाल त्याला रोज शिंपडा मारण्यापेक्षा तीन दिवसांतून एकदा पहाटे भरपूर पाणी द्या, मुळं खाली जातात. स्लॅबवर माती सहा इंचांहून कमी असेल तर मात्र एक दिवसाआड द्यावं लागतं, कारण तिथे साठवायला जागाच नाही. सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी चालतं. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी आधी तपासून घ्या. खारं असेल तर पात्यांची टोकं जळतात आणि मातीवर पांढरी पापडी येते.

लव्हाळा, हुमणी आणि बुरशी

तणांत खरा शत्रू एकच, लव्हाळा. घोळ, आंबुशी, एकदांडी, माका हे हाताने निघतात, आणि घोळ तर भाजीलाही जातो. लव्हाळ्याचं पान उपटलं की फक्त पान हातात येतं. खाली बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या गाठींची माळ तशीच राहते. वरची गाठ जागी असते तोवर ती खालच्या गाठींना झोपवून ठेवते. ती तुटली की त्या सगळ्या एकदम उगवतात. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा उपटणाऱ्याला तो दुप्पट झालेला दिसतो.

यावर उपाय सातत्याचा. दर दोन आठवड्यांनी, नवी गाठ धरायच्या आत, खुरपी वीतभर खोल घालून गाठीसकट काढा. असं एक अख्खा पावसाळा करा. गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, उन्हात वाळवून वेगळ्या फेका. ज्या तुकड्यात लव्हाळाच जास्त आहे तिथे एप्रिल-मेमध्ये माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत गाडा आणि सहा आठवडे हलवू नका. उष्णतेने बहुतेक तणांचं बी आणि वरच्या थरातल्या गाठी मरतात, खोलवरच्या वाचतात. काळ्या प्लास्टिकखाली माती इतकी तापत नाही. लव्हाळा सावलीत मात्र दुबळा पडतो, म्हणून दाट पसरणारी रोपं हा त्याच्यावरचा टिकाऊ इलाज आहे.

आणि तो येतो कुठून? बहुतेक वेळा लाल मातीच्या ट्रकमधून. माती उतरवण्याआधी चार ठिकाणी हात घालून चाळा. काळ्या, शेंगदाण्याएवढ्या, केसाळ गाठी सापडल्या तर ट्रक परत पाठवा. मीठ किंवा व्हिनेगर ओतून तो मरत नाही. मिठाने माती मरते आणि लव्हाळा उरतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवताचा एखादा पट्टा तपकिरी झाला आणि गालिच्यासारखा हातात उचलून आला, तर खाली हुमणी आहे: इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी अळी. एक चौरस फूट खणून मोजा. दोन-तीन असतील तर चिमण्या-साळुंक्यांवर सोपवा. पाच किंवा जास्त असतील तर मेटारायझियम ही बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत द्या. मात्रा पाकिटावर दिलेली असते. सोबत रासायनिक बुरशीनाशक मारलंत तर तीही मरते. हुमणीचे भुंगे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाकले तर पुढचा त्रास बराच वाचतो.

पावसाळ्यात गवतावर राखेसारखा थर दिसला की सगळे घाबरतात. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो, पाण्याच्या धारेने धुऊन जातो. गोल, कडेला गडद होत जाणारे डाग मात्र रोगाचे. तिथलं खत थांबवा, निचरा सुधारा आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कंपोस्टमधून द्या.

भाद्रपदात हीच हरळी दूर्वा होते. सोसायटीतली मुलं एकवीसची जुडी करायला लॉनवरच बसतात, ती जुडी देव्हाऱ्यात जाते, आणि नैवेद्याचं ताट त्याच हातांनी लावलं जातं. तणनाशक आणि कीटकनाशक तिथे का नको, याचं कारण वेगळं शोधायला नको.

गवताऐवजी काय

उन्हाच्या, पण फारसं चालणं नसलेल्या जागेसाठी आमची पहिली पसंती अराकिसला आहे. हा भुईमुगाचा भाऊ, पिवळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा. शेंगवर्गीय असल्याने स्वतःचा नत्र स्वतः मिळवतो. एक फुटाच्या अंतरावर रोपं लावली, म्हणजे १००० चौरस फुटांना सुमारे १०००, तर पावसाळ्यात तीन-चार महिन्यांत जमीन झाकते. नऊ इंचांवर लावली तर १७०० च्या वर लागतात, पण तण काढायचं काम महिनाभर आधी संपतं. पाणी साचलं तर मात्र कुजतो.

जलपिंपळी ही आपल्याकडचीच वेल. ओढ्याकाठी, ओलसर जागी आपसूक उगवते, थोडं खारं पाणी सोसते, अधूनमधून पाय पडला तरी चालते. फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून मुलं अनवाणी धावतात तिथे नको. पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत ब्राह्मी लावा. नर्सरीत ‘ब्राह्मी’ मागितल्यावर पुष्कळदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात पडते. तीही ओल्या, अर्ध्या सावलीत उत्तम, तेव्हा परत करायची गरज नाही. समुद्रासमोरच्या वाळूच्या, खाऱ्या वाऱ्याच्या जागेत कोकण किनाऱ्यावरची मर्यादवेल टिकते, तिला फक्त पसरायला जागा हवी.

सावलीत ओफिओपोगॉन, हेमिग्राफिस, क्लोरोफायटम आणि नेफ्रोलेपिस नेचे. यांतलं एकच सगळीकडे लावण्यापेक्षा दोन-तीन मिसळा, एकाला रोग आला तरी जमीन उघडी पडत नाही. ओफिओपोगॉन फार हळू पसरतो, म्हणून सहा इंचांवर लावा. आणि एखादी पट्टी पावसाळ्यापुरती तेरड्याला द्या. पहिल्या पावसानंतर बी विखुरलं की गौरी येईपर्यंत फुलतो, आणि बी आपलं आपण पडून पुढच्या वर्षी परत उगवतो.

वेडेलिया मात्र लावू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तो आहे. कापून फेकलेला तुकडाही मूळ धरतो. बोरिवली, मुलुंड, गोरेगावसारख्या जंगलाला लागून असलेल्या भागांत तो कुंपणाबाहेर गेला की परत आणता येत नाही. प्लास्टिकचं गवतही आम्ही सुचवत नाही. दुपारी ते पाय ठेववत नाही इतकं तापतं, आणि खालची माती मरते.

बदल कसा करायचा

सगळं लॉन एकदम उखडू नका. पहिल्या वर्षी सावलीतला तुकडा घ्या. मे महिन्यात गवत जमिनीलगत कापा, त्यावर खोक्यांचे पुठ्ठे सहा इंच एकमेकांवर चढतील असे अंथरा (चिकटपट्टी आणि पिना काढून), भिजवा, वर तीन इंच कंपोस्ट आणि सुका पाला घाला. पोडियमवर हा थर दीड इंचांवर आणा. जूनच्या मध्याला पाऊस स्थिरावला की पुठ्ठ्याला भोक पाडून रोपं लावा. जुलै संपण्याआधी लावणी झालीच पाहिजे, नाहीतर मुळं धरायच्या आत ऑक्टोबरचं ऊन गाठतं. सावलीत गवत मरतंच. उन्हात हरळी पुठ्ठ्याच्या कडेने डोकं काढते, ती दर आठवड्याला खेचत राहा. गवत आणि रोपं यांच्यामध्ये चार इंच खोल विटांची कड उभी केली नाही तर वर्षभरात हरळी पुन्हा आत शिरते.

दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. दाट रोपांखाली घुशी बिळं करतात, आणि पावसाळ्यात उंदीर-घुशी म्हणजे लेप्टोची भीती. म्हणून भिंतीलगत दीड फूट पट्टी खडीची मोकळी ठेवा, म्हणजे बीळ दिसतं आणि वेळीच बुजवता येतं. दुसरं, जुलैत मोठ्या शंखी गोगलगायी येतात. संध्याकाळी ओली गोणपाटं पसरा, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी नंतर बागेत ओतायचं नाही, मोरीत.